दुखणं ड्युटीतलं, मग व्यायाम घरी का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१२ मेला परिचारिका दिन झाला आणि आपल्या पेपरात आमच्यावर अख्खं पान आलं. फोटो छान होते, नाइटिंगेल बाईंचा दिवा, देवदूत, सेवाव्रती, रात्रंदिवस हसतमुख वगैरे सगळं होतं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पानभर मजकुरात कंबरदुखीबद्दल एक ओळ नव्हती. मिरजेत कुठल्याही हॉस्पिटलच्या गेटवर ड्युटी सुटायच्या टायमाला उभं राहा आणि बाहेर पडणाऱ्या सिस्टरना, मावश्यांना, मामांना विचारा काय दुखतंय. कुणी कंबर म्हणेल, कुणी मान, कुणी खांदा, एखादी गुडघा आणि टाच दोन्ही म्हणेल, आणि काहीच दुखत नाही म्हणणारी भेटली तर ती नुकतीच कॉलेजातनं पास होऊन जॉइन झालेली असणार. म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय ते मला माहीत आहे, कापायचं तर कापा, पण व्यायामाचा भाग तेवढा ठेवा.

मी मिरजेत एका प्रायव्हेट हॉस्पिटलात वॉर्ड इन्चार्ज आहे. डॉ. वानलेस साहेबांनी १८९४ ला इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडनं पेशंट येतात आणि पलीकडनं कर्नाटकातले अथणी, चिक्कोडी, जमखंडीचे पण येतात, कधी ॲम्ब्युलन्सनं, कधी वडापच्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं घालून. तिथनं त्यांना उतरवायचं, स्ट्रेचरवर घ्यायचं, लिफ्ट बंद असली तर चौघांनी जिन्यानं चढवायचं, मग ट्रॉलीवरनं बेडवर, बेडवरनं एक्सरेला, परत बेडवर. खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी, लकवा मारलेले आजोबा, यांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यात बेडची उंची वरखाली करायचं हँडल बहुतेक ठिकाणी गंजलेलं किंवा गायबच असतं, त्यामुळं उंच सिस्टर असो की बुटकी, सगळ्यांनी त्याच एका उंचीच्या बेडवर वाकायचं. संडासात पेशंटला बसवायला गेलं तर तिथं दोन माणसं धड उभी राहत नाहीत, मग एकटीनंच अर्धं वळून, एक पाय बाहेर एक पाय आत असं त्याला धरायचं. कमरेत वाकून त्याच वेळी वळायचं आणि वजन पण उचलायचं, तिन्ही एकदम, यापेक्षा वाईट काही कमरेला नसतं.

वजनाचं म्हणाल तर ७० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय ११-१२ किलो भरतो, प्लॅस्टर असेल तर अजून जास्त. ड्रेसिंग होईपर्यंत तो पाय कुणीतरी हातात धरून उभं राहिलेलं असतं, ते फोटोत येत नाही. अमेरिकेत नायोश म्हणून कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था आहे, तिच्याकडनं पेशंट हातानं उचलायची मर्यादा आली ती ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो, आणि ती पण परिस्थिती चांगली असताना. त्याच्या वर गेलं की मशीन वापरा म्हणतात. १६ किलोत आमच्याकडं बालरोगच्या वॉर्डातली पोरंच बसतील.

आणि हे फक्त सिस्टरांचं दुखणं नाही हं. ऑपरेशन थिएटरातली सिस्टर तासन् तास एका जागी उभी असते, कॅथलॅबमधला, म्हणजे अँजिओग्राफी करतात तिथला ब्रदर पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन घालून अर्धा दिवस काढतो, लॅबवाले मान घालून मायक्रोस्कोपवर, सोनोग्राफीच्या मॅडमचा उजवा खांदा, आणि मावश्या तर विचारूच नका, पोछा, बेडपॅन, ओल्या चादरींची बोचकी, सलाईनचे बॉक्स, सगळं त्यांच्याकडंच.

आता यावर आम्ही करतो काय, तर आधी काहीच नाही. मग मलम. मग ट्रॉलीतली गोळी, मग ओळखीच्या सिस्टरकडनं ड्युटीवरच कंबरेत डायक्लोचं इंजेक्शन मारून घ्यायचं आणि परत कामाला लागायचं. मग पट्टा. मेडिकलमधनं आणलेला तो कमरेचा पट्टा साडीच्या आत किंवा युनिफॉर्मच्या आत घालून काम करणाऱ्या निदान तीन-चार बायका मी आत्ता या मिनिटाला बोट दाखवून सांगू शकते. मग एमआरआय, मग "मणक्यात गॅप आहे", "नस दबलीय" हे ऐकून घाबरून जाणं, मग ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ओढणं, मग सुट्टी टाकून झोपून राहणं, आणि सुट्टी संपल्यावर परत तेच. आम्ही स्वतः दवाखान्यात काम करतो आणि स्वतःच्या दुखण्याला असले उपचार करतो, याचं मला कायम नवल वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम करा असं सांगितलंय, दुखणं समजावून सांगा असं सांगितलंय, आणि पट्टा आणि ट्रॅक्शन या दोन्ही गोष्टी नेहमीचा उपाय म्हणून देऊ नका असंही सांगितलंय. दुखण्याच्या गोळीला त्यांची ना नाही, पण वर्षानुवर्षं मनानं गोळ्या खाल्ल्या की पोटात अल्सर आणि किडनीवर परिणाम होतो हे तर आम्हीच पेशंटला सांगत असतो ना. आणि त्या गॅपचं म्हणाल तर चाळिशी-पन्नाशीतल्या, ज्यांना काही म्हणजे काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये पण मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, फुगलेल्या दिसतात. रिपोर्ट वाचून हलायचं बंद केलं की स्नायू अजून ढिले पडतात आणि दुखणं वाढतं.

तर व्यायाम करा हे बरोबर आहे. सगळे डॉक्टर पण तेच सांगतात. कुठं, कधी, हे कोण सांगत नाही. "सिस्टर, रोज घरी वीस मिनिटं काढा स्वतःसाठी", हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. आमची नाइट झालेली सिस्टर सकाळी साडेआठला सुटते, सांगलीला किंवा तासगावला एसटी पकडून घरी जाते, पोरांचे डबे सासूनं केले असतील तर नशीब, नाहीतर घर आवरून, धुणं लावून अकराला आडवी होते आणि तीन वाजता पोरं शाळेतनं आली की उठते. मावश्या तर एका ठिकाणची ड्युटी करून दुसऱ्या दोन घरची कामं पण करतात. त्या बाईला तुम्ही चटई अंथरून घरी व्यायाम करा म्हणता? ती तुमच्यासमोर हो म्हणेल आणि करणार नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही विचारल्यावर "जमलं नाही हो डॉक्टर" म्हणून मान खाली घालणार, म्हणजे दुखणं पण तिचं आणि चूक पण तिचीच.

यावर मला एक अभ्यास सापडला, सापडला म्हणजे आमच्याकडं येणाऱ्या फिजिओ मॅडमनी दाखवला. डेन्मार्कमधला आहे, २०१५ साली छापून आला. तीन हॉस्पिटलं, १८ विभाग, २०० बायका, सगळ्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या, सरासरी वय ४२, म्हणजे आमच्याच वयाच्या. अर्ध्या विभागांना सांगितलं की आठवड्यातनं पाच वेळा दहा-दहा मिनिटं व्यायाम कामाच्या वेळातच, कामाच्या जागी, आपल्या बरोबरच्यांसोबत करायचा, शिकवायला माणूस, आणि मधनं मधनं चार गोष्टी बोलायला, हुरूप द्यायला पण माणूस. उरलेल्यांना पण पाच वेळा दहा मिनिटंच, फक्त घरी, आपल्या वेळात. असं दहा आठवडे चाललं. घरी करणाऱ्यांचा व्यायाम सरासरी आठवड्यातनं एकदाच झाला आणि ड्युटीवर करणाऱ्यांचा दोनदाच्या वर. दुखणं पण ड्युटीवर करणाऱ्यांचं जास्त कमी झालं आणि पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. फरक दुखण्याच्या शून्य ते दहाच्या मापावर ०.७ चा, आता कुणी म्हणेल एवढासाच? तर मी म्हणते सुरुवातीला त्यांचं सरासरी दुखणंच तीनच्या आसपास होतं, त्यातलं ०.७ म्हणजे जवळजवळ पाव भाग झाला, आणि ते पण आठवड्यातनं वीस-पंचवीस मिनिटांत, गोळी न खाता.

मला त्या अभ्यासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. तिकडच्या बायकांना पण घरी जमलं नाही! डेन्मार्क म्हणजे सगळ्या सोयी असलेला देश, कामाचे तास कमी, तरी घरी एकदाच झाला. मग आमची तासगावची सिस्टर आळशी म्हणून करत नाही असं कसं म्हणता येईल. जे काम ड्युटी चार्टवर नसतं ते होत नाही, मग ते क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीची ट्रॉली, चेक करणं असो नाहीतर स्वतःची पाठ.

ते वाचून आम्ही आमच्या वॉर्डात सुरू केलं. परवानगी घेऊन नव्हे, आधी सुरू केलं मग सांगितलं. दुपारी दोनला सकाळची शिफ्ट आणि दुपारची शिफ्ट हँडओव्हरला एकत्र असतात, तेव्हा वॉर्डात दुप्पट माणसं असतात, ती वेळ धरली. निम्म्या जणी वॉर्ड बघतात, निम्म्या लिननच्या म्हणजे चादरी-कपड्यांच्या खोलीत. पेशंटसमोर नाही, एकतर त्यांना वाटतं सिस्टर मजा करतायत, आणि दुसरं म्हणजे ग्लोव्हज काढून हात धुऊनच यायचं हा नियम केला, इन्फेक्शनचं उगाच कुणी बोट दाखवू नये. चटई लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, मावश्या साडीवरच करतात, सगळे प्रकार उभ्यानं. खुर्चीवर हात न टेकता बसायचं उठायचं. भिंतीला हात लावून जोर. कमरेत न वाकता खुब्यातनं वाकून, पाठ सरळ ठेवून वजन उचलायचं, आणि वजन कशाचं, तर सलाईनच्या रिकाम्या बाटल्या पाणी भरून पिशवीत, आधी दोन मग चार मग सहा. टाचा उचलायच्या. आणि रबराचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी मागं ओढायचा, हा खांद्यासाठी आणि मानेसाठी, हा सगळ्यात लोकप्रिय झाला कारण दोन आठवड्यांत फरक कळतो. तो पट्टा रंगारंगाचा मिळतो, पिवळा हलका, मग लाल, मग हिरवा, निळा. आमच्या मावश्यांमध्ये आता कोण लालवर आणि कोण हिरव्यावर यावरनं चढाओढ चालते आणि मला वाटतं अर्धा व्यायाम त्या चढाओढीमुळंच होतो.

सुरुवातीला लय हसले लोक. वॉर्डबॉय मामा दारात उभं राहून बघायचे, आता ते स्वतःच करतात, त्यांचा भिंतीवरचा जोर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला. एका पेशंटच्या नातेवाइकानं तर काउंटरवर जाऊन तक्रार केली की इथं सिस्टर नाचतायत म्हणून. मग मी त्याला बोलावून दाखवलं काय चाललंय ते, त्याची आई आमच्याकडं होती, तिला आम्ही दिवसातनं किती वेळा उचलतो ते त्यानं बघितलेलंच होतं, गप गेला बिचारा, दुसऱ्या दिवशी केळी घेऊन आला.

पण खरा प्रश्न एका मावशीनं विचारला. म्हणाल्या, "सिस्टर, आम्ही दिवसभर वाकतोय, उचलतोय, पुसतोय, आणि तुम्ही म्हणताय व्यायाम करा. हा व्यायाम न्हाय तर काय हाय?" बरोबर आहे ना? मला पण पटकन उत्तर देता आलं नाही, फिजिओ मॅडमना विचारलं आणि मग मावश्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हटलं मावशी, मार्केट यार्डातला हमाल पण पोती उचलतो आणि तालमीतला पैलवान पण वजन उचलतो, मग एकाची पाठ चाळिशीत जाते आणि दुसऱ्याची का तयार होते? पैलवान आपलं वजन आपण ठरवतो, थोडं उचलतो, दम खातो, परत उचलतो, पुढच्या महिन्यात थोडं वाढवतो, वस्तादाचं लक्ष असतं, झोप असते, खुराक असतो. हमालाला वजन दुसरा ठरवतो, थांबायचं कधी ते पण दुसराच ठरवतो, आणि दिवसभर तेच ते वाकणं. आपल्या कामाचं तसंच आहे. स्नायूला ताकद यायला थोडा जोर आणि मग आराम लागतो, नुसता दिवसभर जोर दिला तर तो फक्त थकतो. आणि एकदा ताकद वाढली की तेच वजन हलकं लागतं. तुमची पूर्ण ताकद ४० किलोची आणि उचलायचेत ३० तर तुम्ही जवळजवळ शेवटाला टेकलात, ताकद ६० वर गेली की तेच ३० निम्म्यावर आले. मावशींना ते पटलं, म्हणजे "बघू" म्हणाल्या, आमच्याकडं बघू म्हणजे हो असतं.

आणि व्यायाम कुणाला शिकवायचा तर आपल्या भागात? खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमधनं कुस्तीत ब्राँझ आणलं. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. गावोगाव तालमी आहेत, तालमीत जोर मारणाऱ्या पोराला कुणी हसत नाही, वस्ताद पण असतो त्याला. फक्त लुगडं नेसून पोछा मारणाऱ्या बाईनं व्यायाम केला की तो नाच होतो, हे माझं वैयक्तिक दुखणं आहे, सोडून द्या.

फायदा झाला का? तर झाला, सगळ्यांना सारखा नाही. मानेचं आणि खांद्याचं लवकर कमी झालं, कमरेचं हळूहळू. दोन-तीन महिने गेले तेव्हा ट्रॉलीतनं गोळी मागणाऱ्या कमी झाल्या आणि एकीनं कमरेचा पट्टा आपणहून सोडला. एका मावशीचा गुडघा आहे तसाच आहे, तिला मॅडमनी वेगळं दाखवलंय. पहिले काही दिवस तर उलट सगळ्यांचेच पाय आणि दंड दुखले आणि दोघींनी "तुमच्यामुळं जास्त झालं" म्हणून मला ऐकवलं. नवीन व्यायामानं एक-दोन दिवस अंग दुखतं ते वेगळं, ते आपोआप जातं, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

मग मॅनेजमेंटकडं गेले. मागणी साधी होती, की हे ड्युटी चार्टवर लिहा, रोज दहा मिनिटं, आणि रबराचे पट्टे घ्यायला थोडे पैसे द्या. उत्तर आलं, "सिस्टर, कल्पना छान आहे पण कामाच्या वेळेत कसं, आणि उद्या सगळेच मागतील." सगळेच मागतील म्हणजे काय, सगळ्यांचंच दुखतंय म्हणून मागतील ना! हिशोब करून दाखवला. आठवड्याचे ४८ तास म्हणजे २८८० मिनिटं, त्यातली सहा दिवसांची ६० आम्ही मागतोय, दोन टक्क्यांच्या आसपास. एक सिस्टर कंबर धरून आठवडाभर घरी बसली तर तिची ड्युटी दुसरीला डबल पडते, मग दुसरीची पण कंबर. अनुभवी सिस्टर कंटाळून सोडून गेली तर नवीन मुलीला आयसीयूत तयार करायला किती महिने जातात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हिशोब कळला पण चार्टवर काही आलं नाही. २१ जूनला मात्र योगदिनाला सगळ्यांना पांढरे टीशर्ट वाटले, हॉलमध्ये चटया टाकून फोटो काढले, नाइट करून आलेल्यांना पण थांबवून घेतलं. योगाला माझा विरोध नाही. वर्षातनं एकदा करून कुणाची पाठ सुधारत नाही एवढंच म्हणायचंय.

आता दुसरी बाजू, आणि ही पण छापा. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल व्यायाम करताय ना, मग उचला पेशंट. डेन्मार्कच्या हॉस्पिटलात पेशंट उचलायला हॉइस्ट असतात, सरकवायला घसरते कापड असतं, बेड बटणावर वरखाली होतात, आणि त्या सगळ्यावर वरनं व्यायाम. आमच्याकडं ते नाही आणि नुसता व्यायाम, तर तेवढा फायदा कसा होणार. वजन कसं उचलायचं याचं लेक्चर देऊन कंबरदुखी थांबत नाही, हे पण जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलेलं आहे, त्यामुळं भिंतीवर "गुडघ्यात वाका" असं पोस्टर लावून जबाबदारी संपत नाही. हॉइस्ट महाग आहे, मान्य. पण सरकवायचं घसरतं कापड महाग नाही. बेडचं हँडल दुरुस्त करणं तर अजिबातच महाग नाही, एक वेल्डर अर्ध्या दिवसात वॉर्डभर करून देईल. संडासात पकडायला दांडा बसवणं, ट्रॉलीच्या चाकांना तेल घालणं, चाक जाम झालेली ट्रॉली ढकलताना कमरेला जो झटका बसतो तो मालकांनी एकदा घेऊन बघावा. आणि माणसं वाढवणं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागं एक सिस्टर आणि साध्या हॉस्पिटलात पाचामागं एक असं आहे. नाइटला माझ्या वॉर्डात येऊन मोजा म्हणजे कळेल, सरकारीत पण काही वेगळं नाही असं तिथल्या मैत्रिणी सांगतात.

अजून एक, व्यायाम सगळ्यांनी डोळे झाकून करायचा नाही. पाय बधिर होतोय, पायातली ताकद जातेय, लघवीवरचा ताबा जातोय किंवा जांघेत बधिरपणा आलाय, तापाबरोबर पाठ दुखतेय, वजन उतरतंय, पडल्यावर दुखायला लागलंय, असं काही असेल तर आधी डॉक्टर, त्याच दिवशी, मैत्रिणीकडनं इंजेक्शन नाही. गरोदर मुलींना आणि ऑपरेशन झालेल्यांना वेगळा प्रकार लागतो. त्यासाठी फिजिओ पाहिजे, आणि तो काय आपल्याकडं दुर्मिळ नाही, सांगली-मिरज-कराड या पट्ट्यात फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, त्यांच्या मुलांना प्रॅक्टिससाठी माणसं पाहिजेतच. आठवड्यातनं एकदा दोन विद्यार्थी एकेका हॉस्पिटलात पाठवले तर त्यांचं पण शिकणं होईल आणि आमचं पण काम. हे कॉलेजवाल्यांनी मनावर घेण्यासारखं आहे, पैसे फारसे लागत नाहीत.

आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई यांचा तर यात कुणी विचारच करत नाही, त्यांना तर वॉर्ड पण नाही आणि लिननची खोली पण नाही, गावभर पायपीट आणि खांद्याला रजिस्टरांची पिशवी. त्यांच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये तेवढी दहा मिनिटं घ्यायला काय हरकत आहे, तशीही मीटिंग अर्धा तास उशिरा सुरू होते.

सिव्हिलच्या आणि प्रायव्हेटच्या साहेबांना माझी एवढीच विनंती आहे. ड्युटी चार्टवर एक ओळ वाढवा, "२ ते २.१०, व्यायाम, निम्मा स्टाफ". ती ओळ इन्चार्जच्या सहीनं जाऊ दे, औषधांच्या स्टॉकसारखी, म्हणजे रोज झालं की नाही ते कळेल. मावश्या आणि मामांना त्यात घ्या, कॉन्ट्रॅक्टवर आहेत म्हणून वगळू नका, सगळ्यात जास्त वजन त्यांच्याकडंच आहे. नाइटवाल्यांना बाराच्या राउंडनंतर वेळ द्या. रबराचे पट्टे हॉस्पिटलनं घ्यावेत. आणि तीन महिन्यांनी मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये कुणाचं किती दुखतंय ते शून्य ते दहाच्या मापावर विचारून लिहून ठेवा, तोंडी नको.

आमच्या वॉर्डात काय करतो ते कुणाला बघायचं असेल तर आपल्या पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवा, मी फोन करीन, दुपारी दोनला यायचं, चप्पल बाहेर काढायची. पत्राखाली माझं नाव आणि हॉस्पिटलचं नाव मात्र छापू नका, चार्टवर ती ओळ यायचीय अजून.

आपली,
एक वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, मिरज